गंबो, सोमवारचा राजमा आणि भात : लुईझियानाच्या स्वयंपाकाबद्दल

कर्दळी

नमस्कार मंडळी. परवा पाककृती विभागात 'केजन मसाला' घातलेल्या पनीरची कृती आली होती. तिथे मी लिहिलं की डबीतली ती लाल पूड म्हणजे केजन स्वयंपाक नव्हे. त्यावर दोघीतिघींनी 'मग नक्की काय ते नीट लिहा' असा आग्रह धरला, म्हणून हा धागा.

केजन स्वयंपाक अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातला, आणि मी अकरा वर्षं तिथे काढली. आधी बॅटन रूजला शिकायला, मग नोकरीसाठी लाफायेटला. मिसिसिपी नदी समुद्राला मिळते तो हा दक्षिणेकडचा मुलूख. दलदल, ऊस, भातशेती, कोळंबी, कालवं. अमेरिकेत येताना रोज भाताचा वास येणारं गाव मिळेल असं वाटलं नव्हतं, ते तिथे मिळालं.

तिथला मानाचा पदार्थ गंबो. सूप म्हणावं तर दाट, रस्सा म्हणावं तर पातळ, आणि खायचा तो भातावर घेऊनच. गंबो या शब्दाचा अर्थच मुळी भेंडी! आफ्रिकेतल्या बांटू भाषांतला 'कींगोंबो' हा शब्द फ्रेंचमध्ये 'गोंबो' झाला आणि भेंडी घालून केलेल्या पदार्थालाही तेच नाव पडलं. हे मला शेजारच्या आजींनी सांगितलं. त्या कृष्णवर्णीय क्रिओल (म्हणजे तिथल्या जुन्या, फ्रेंच वळणाच्या घराण्यांतल्या), वय तेव्हा ऐंशीच्या पुढे, घरात अजून फ्रेंच बोलणाऱ्या. मी मंडईतून भेंडी आणताना त्यांनी पाहिलं आणि 'तुमच्याकडेही ही असते?' असं विचारलं. तिथून आमची ओळख वाढली.

गंबोचा पाया म्हणजे 'रू'. जाड बुडाच्या पातेल्यात एक वाटी तेल, एक वाटी मैदा, मंद ते मध्यम आच, आणि हलवत राहायचं. बेसनाच्या लाडवासाठी बेसन भाजताना आपण जसे हातातला कालथा सोडत नाही, तस्सं. आधी तो बिस्किटी रंगावर येतो, मग शेंगदाण्याच्या कुटासारखा, मग तांब्याच्या नाण्यासारखा, आणि शेवटी काळ्या चॉकलेटसारखा. याला पाऊण तास सहज लागतो. आजींच्या स्वयंपाकघरात या पाऊण तासात फोन घेतला जात नसे, दाराची घंटा वाजली तरी कुणी उठत नसे. काळे ठिपके दिसले की सगळं टाकून द्यायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. जळक्या रूला उपाय नाही.

रंग जमला की लगेच बारीक चिरलेला कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची घालायची. या तिघांना तिथे 'होली ट्रिनिटी' म्हणतात. चर्र असा आवाज होतो, रूचं तापमान उतरतं आणि तो पुढे जळत नाही. फ्रेंचांच्या अशाच त्रिकुटात तिसरं गाजर असतं, लुईझियानात गाजराच्या जागी ढोबळी मिरची आली. मग लसूण, तमालपत्र, थाइम, कोंबडीचं पाणी, कोंबडीचे तुकडे आणि आंडुई, म्हणजे धुरी दिलेलं डुकराच्या मांसाचं जाड सॉसेज. दीडदोन तास रटरटू द्यायचं. तिखटपणा बेताचाच असतो. चव असते ती भाजलेपणाची.

आणखी एक गोष्ट मला लिहायचीच आहे. या स्वयंपाकाची गोष्ट सांगताना पुस्तकांत फ्रेंच आणि स्पॅनिश लोकांची नावं आधी येतात. पण भेंडी आफ्रिकेची. भात लावण्याचं ज्ञानही आफ्रिकेचं. १७१९ साली गुलाम घेऊन आलेल्या पहिल्या जहाजांच्या कप्तानांना भाताचं बियाणं आणि भात पिकवता येणारी माणसं घेऊन या, अशी सूचना होती. शहरांतल्या आणि मळ्यांवरच्या कितीतरी स्वयंपाकघरांत चुलीपाशी उभी असायची ती गुलाम बाई. तिला मालकिणीने फ्रेंच पदार्थ करायला सांगितले आणि तिने ते आपल्या हाताने केले. गंबो तिचा आहे. डबीवर मगरीचं चित्र छापून विकल्या जाणाऱ्या मसाल्यात ती कुठेच दिसत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

तुमच्यापैकी कुणी तिकडे राहिलं असेल, खाल्लं असेल, तर लिहा. प्रश्नही विचारा.

---

ओंजळ

कर्दळीताई, फार सुंदर. एक बाळबोध शंका. केजन आणि क्रिओल यात फरक काय? मी दोन्ही एकच समजत होते.

---

पाणथळ

मी न्यू ऑर्लीन्सला सहा वर्षं होतो, मी उत्तर देतो.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या नोव्हा स्कोशियात, अकेडियन नावाचे फ्रेंच शेतकरी राहत. १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांना तिथून हुसकावलं. घरं जाळली, कुटुंबं वेगवेगळ्या जहाजांत कोंबली. त्यातले काही १७६४-६५ च्या सुमारास लुईझियानात पोचले आणि न्यू ऑर्लीन्सच्या पश्चिमेला दलदलीत, गवताळ रानांत वसले. 'अकेडियन'चं 'केडियन' आणि त्याचं इंग्रजांच्या तोंडी 'केजन' झालं. त्यांचा स्वयंपाक एका भांड्यातला. डुक्कर मारलं की सगळी आळी जमायची, त्याला 'बूशरी' म्हणतात, आणि काही वाया जायचं नाही.

क्रिओल म्हणजे ढोबळमानाने शहरी. न्यू ऑर्लीन्स १७१८ साली वसलं. फ्रेंच, मग स्पॅनिश, मग परत फ्रेंच आणि १८०३ मध्ये अमेरिकेकडे. शिवाय १८०९-१० मध्ये हैतीहून निघालेले हजारो लोक क्युबामार्गे आले, त्यांत गोरे, स्वतंत्र कृष्णवर्णीय आणि गुलाम तिघेही होते. बंदर असल्यामुळे लोणी, टोमॅटो, कालवं, सगळं हाताशी.

सर्वसाधारण खूण अशी की जांबलायात (म्हणजे मांस घालून एकाच भांड्यात शिजवलेल्या भातात) टोमॅटो असेल आणि तो लाल असेल तर क्रिओल, टोमॅटो नसेल आणि तपकिरी असेल तर केजन.

---

कर्दळी

पाणथळ, छान सांगितलंत. फक्त शहर म्हणजे क्रिओल आणि रान म्हणजे केजन ही रेघ मी इतकी ठळक मारणार नाही. माझ्या शेजारच्या आजी लाफायेटच्याच, म्हणजे ऐन केजन मुलखातल्या, आणि स्वतःला क्रिओल म्हणवणाऱ्या. त्यांच्यासारखी हजारो कृष्णवर्णीय क्रिओल कुटुंबं त्या भागात आहेत आणि गंबो त्यांचाही तितकाच. 'केजन' हे नाव बाजारात खपतं म्हणून सगळ्यावर तीच चिठ्ठी चिकटवली गेली.

तपकिरी जांबलायाचा रंग कशाने येतो तेही सांगते. मांस लोखंडी भांड्यात मुद्दाम बुडाला लागू द्यायचं, पाण्याचा हबका मारून ती खरवड सोडवायची, परत लागू द्यायचं. असं तीनचारदा. सगळी चव त्या खरवडीत. मग तांदूळ घातला की ढवळायचं नाही, झाकण ठेवायचं आणि गप्प बसायचं. मसालेभात करणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

---

मंदार_ह्यूस्टन

१९८० च्या दशकात पॉल प्रूडोम या शेफमुळे 'केजन' शब्द जगभर गेला. ते स्वतः ओपलूसास भागातले, केजन घरातले. १९७९ साली त्यांनी न्यू ऑर्लीन्सला रेस्टॉरंट काढलं आणि रेडफिश मासा मसाल्यात घोळून, तापून लाल झालेल्या बिडाच्या तव्यावर काळा करायची कृती गाजवली. मागणी इतकी वाढली की त्या माशाच्या व्यापारी मासेमारीवर निर्बंध आणावे लागले. पण 'ब्लॅकन्ड' मासा हा काही आजीच्या घरातला पदार्थ नाही, तो प्रूडोम यांचा स्वतःचा. डबीतला मसाला त्या लाटेतून आला. म्हणून कर्दळींचं म्हणणं पटलं.

---

खाडीकाठ

भेंडीचा चिकटपणा कसा चालतो तिथे? आमच्याकडे भेंडीला तार सुटली की आई चिंच नाहीतर आमसूल घालते.

---

कर्दळी

खाडीकाठ, तिथेही तेच करतात. टोमॅटो नाहीतर थोडं व्हिनेगर घालून भेंडी आधी वेगळी, पार मऊ होऊन तार मोडेपर्यंत शिजवतात. याला 'स्मदर्ड ओक्रा' म्हणतात. उन्हाळ्यात ढीगभर करून फ्रीजरला टाकतात आणि थंडीत गंबोत घालतात. थोडी तार उरली तर ती हवीच असते, तिनेच रस्सा दाट होतो.

भेंडी नसेल तर 'फिले'. सॅसाफ्रास नावाच्या झाडाची पानं वाळवून केलेली हिरवट पूड. ही चोक्टॉ या तिथल्या मूळ रहिवाशांची देणगी. ती आच बंद केल्यावर, कधी कधी ताटातच घालायची. उकळली तर रस्सा दोऱ्यासारखा ताणतो. याच झाडाच्या मुळांत आणि सालीत सॅफ्रोल असतं आणि त्यावर अमेरिकेत १९६० साली बंदी आली. पानांत ते नगण्य असतं, त्यामुळे फिले अजून राजरोस मिळते.

आजींच्या घरी भेंडी आणि फिले एका भांड्यात कधीच पडत नसे. 'एक उन्हाळ्याची, एक थंडीची,' असं त्या म्हणत.

---

खाडीकाठ

आणखी एक. तिकडे सुकी मासळी असते का? मी गुहागरची, सोडे म्हटलं की जीव गोळा होतो.

---

पाणथळ

असते! गंबोत सुकी कोळंबी घालायची जुनी चाल आहे. न्यू ऑर्लीन्सच्या दक्षिणेला बाराटारिया खाडीत फिलिपिनो आणि चिनी लोकांनी पाण्यावर लाकडी मचाणं बांधून कोळंबी वाळवायला सुरुवात केली. एका वस्तीचं नावच 'मनिला व्हिलेज'. खारवलेली, उकडलेली कोळंबी मचाणावर उन्हात पसरायची, आणि सुकली की माणसं गोल फेर धरून पायांनी तुडवून तिची टरफलं काढायची. त्याला ते 'कोळंबीवर नाचणं' म्हणत. १९६५ च्या बेट्सी वादळात ती वस्ती गेली. सुकी कोळंबी अजून छोट्या पाकिटांतून मिळते, पेट्रोल पंपावरच्या दुकानात गल्ल्याशेजारी टांगलेली असते. लोक शेंगदाण्यासारखी खातात.

---

खाडीकाठ

वाचून अंगावर काटा आला. उद्या भेंडीत सोडे घालणार. :)

---

बोरीं_शिरोडा

गोंयचो हांव, पूण हांगा मराठींतच बरयतां... म्हणजे लिहितो.

दोन गोष्टी. एक, न्यू ऑर्लीन्सच्या जुन्या क्रिओल घरांत 'शोरीस' नावाचं तिखट डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं, स्पॅनिश चोरिसोचं भावंड. आमचं गोव्याचं चोरीस पोर्तुगीजांच्या शोरिसूवरून आलं. म्हणजे आयबेरियातून निघालेली एकच वस्तू, एक मिसिसिपीच्या मुखाशी पोचली आणि एक मांडवीच्या. आमच्यात व्हिनेगर म्हणून माडाची सूर आली, त्यांच्यात लाल मिरचीबरोबर थाइम आणि कांदापात.

दुसरी, कार्निव्हल. त्यांचा मार्डी ग्रा आणि आमचा कार्निव्हल एकाच मंगळवारी संपतात, कारण बुधवारपासून उपवासाचे चाळीस दिवस. तिथे ६ जानेवारीपासून मार्डी ग्रापर्यंत 'किंग केक' खातात. दालचिनी घातलेली गोल पावासारखी वळी, वर जांभळी, हिरवी, सोनेरी साखर आणि आत लपवलेलं इवलंसं बाळ. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल त्याने पुढचा केक आणायचा. ह्यूस्टनमधल्या माझ्या कचेरीत जानेवारीपासून दर शुक्रवारी हा केक यायचा.

---

कर्दळी

बोरीं, चोरीसचा धागा किती छान जोडलात! मग क्रॉफिशबद्दलही तुम्हाला आवडेल. गोव्याच्या खाजन (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या) जमिनीत पावसाळ्यात कोरगुट भात आणि नंतर मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाणदारातून, मासळी घेतात ना, तसंच काहीसं क्राउली, ब्रो ब्रिज या बाजूला गोड्या पाण्यात चालतं. उन्हाळ्यात भात कापला की शरदात शेतात परत पाणी सोडतात. चिखलात बिळं करून बसलेले क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले बोटभर शेवंडच म्हणा, वर येतात. थंडीपासून मेपर्यंत त्याच शेतातून पिंजऱ्यांनी ते धरतात. एकाच वाफ्यात भात आणि त्यावरचं कालवण!

त्याचं 'एटुफे' करतात. लोण्यात कांदा, सेलरी, मिरची मऊ करून त्यात सोललेल्या शेपट्या आणि त्यांची पिवळी चरबी घालून, झाकण ठेवून, थोड्या वेळात उतरवायचं. ती चरबी नसेल तर करूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

मंदार_ह्यूस्टन

क्रॉफिश निघालंच आहे तर आमच्या गावाचंही सांगतो. १९७५ नंतर व्हिएतनामी निर्वासित या किनाऱ्यावर मोठ्या संख्येने आले, बरेचजण मासेमारीत शिरले. त्यांनी उकडलेल्या क्रॉफिशवर वरून लसणाचं लोणी ओतायला सुरुवात केली. ह्यूस्टनमध्ये आता ही पद्धत इतकी रुजली आहे की मार्च-एप्रिलमध्ये शनिवारी रांगा लागतात. टेबलावर वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर क्रॉफिश, मका, बटाटे ओतायचे आणि दोन्ही हातांनी खायचं. लुईझियानाच्या काही जुन्या मंडळींना हे रुचत नाही. मला वाटतं सिसिलीहून आलेल्यांनी १९०६ च्या सुमारास न्यू ऑर्लीन्सला ऑलिव्हचं लोणचं घातलेलं मफलेटा सँडविच आणलं, तेव्हाही कुणाला तरी रुचलं नसेलच.

---

तुळशीवृंदावन

आम्ही शाकाहारी. आमच्यासाठी काही आहे का? धागा वाचून भूक लागली आणि सगळ्यात डुक्कर निघालं.

---

कर्दळी

आहे की! दोन गोष्टी सांगते.

पहिली सोमवारचा राजमा. न्यू ऑर्लीन्सला सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस असे. बायकांना चुलीपाशी उभं राहायला सवड नसे, म्हणून रविवारच्या जेवणातलं उरलेलं हॅमचं हाड घालून लाल राजमा मंद आचेवर सोडून द्यायचा आणि धुणं उरकायचं. आता घरोघरी यंत्रं आली, तरी सोमवारी शहरातल्या खाणावळींत आणि कितीतरी घरांत राजमा-भातच. जॅझवादक लुई आर्मस्ट्राँग पत्राखाली 'रेड बीन्स अँड राइसली युअर्स' अशी सही करत, इतका त्यांचा त्यात जीव.

तुम्ही हाड वगळा. राजमा रात्री भिजवा. तेलात ट्रिनिटी चांगली परता, लसूण, तमालपत्र, थाइम, थोडी लाल मिरची, आणि धुरी दिलेली पाप्रिका मिळाली तर एक चमचा. राजमा घालून सुरुवातीची दहा मिनिटं खळखळून उकळा (कच्चा राजमा पोटाला बाधतो), मग मंद आच. कुकरमध्ये शिट्ट्या करून मऊ केलात तरी चालेल, पण नंतर अर्धा तास उघड्या पातेल्यात ठेवाच. मूठभर दाणे डावाने पातेल्याच्या कडेला ठेचा, त्याने रस्सा मिळून येतो. आलं, गरम मसाला, आमचूर घालू नका. तो आपला राजमा होईल आणि तो वेगळा चांगला आहे.

दुसरी 'काला'. उरलेला भात मऊ शिजवून ठेचायचा, यीस्ट घालून रात्रभर आंबवायचा, सकाळी अंडं, थोडा मैदा, साखर, जायफळ घालून गोळे तळायचे आणि वर पिठीसाखर. (अंडं चालत नसेल तर मैदा थोडा वाढवा.) हाही आफ्रिकेतून आलेला पदार्थ. कृष्णवर्णीय बायका डोक्यावर टोपली घेऊन न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यांवर 'बेल काला, तू शो!' म्हणजे 'छान काला, गरमागरम!' अशी हाळी देत विकायच्या. स्पॅनिश राजवटीत गुलामाला पैसे भरून स्वतःला सोडवून घेता येई. भातवडे विकून पै-पै साठवून काहींनी स्वतःची, आपल्या मुलांची सुटका केली. बेन्येवर (तिथल्या प्रसिद्ध तळलेल्या गोड पुरीवर) पिठीसाखर उडवत कॉफी पिणाऱ्या पर्यटकांना काला क्वचितच माहीत असतो. मला दोन्हींत काला अधिक प्रिय.

---

ओंजळ

सुटका करून घेतली हे वाचून थांबले थोडा वेळ. पालेभाज्यांचा गंबोही असतो ना? कुठेतरी वाचलंय.

---

पाणथळ

'गंबो झेर्ब'. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी करतात. मोहरीची पानं, कोलार्ड, पालक, सलगमाची पानं, मुळ्याचा पाला, कोबी, असं बरंच काही. भाज्यांची संख्या विषम हवी, आणि जितके पाले तितके नवे मित्र जोडले जातात अशी समजूत.

हा गंबो म्हटला की लीआ चेस यांचं नाव येतं. ट्रेमे वस्तीतलं डूकी चेस हे त्यांच्या सासरचं रेस्टॉरंट, १९४१ पासूनचं. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसून जेवायला कायद्याने बंदी होती त्या काळात त्यांच्या माडीवर नागरी हक्कांच्या चळवळीतली दोन्हीकडची माणसं बसून बेत आखत आणि गंबो खात. ओबामा एकदा जेवायला आले आणि चव न घेताच गंबोत हॉट सॉस ओतायला लागले, तर बाईंनी त्यांना दटावलं. २०१९ साली, ९६ व्या वर्षी त्या गेल्या. शेवटच्या काळातही त्या स्वयंपाकघरात बसून भाज्या निवडत. त्यांच्या झेर्बमध्ये मात्र मांस भरपूर असतं, तेव्हा तुळशीवृंदावन, घरीच करा.

---

कर्दळी

ऑगस्ट २००५ च्या कटरिना वादळात त्यांचं रेस्टॉरंटही बुडालं होतं, दोन वर्षांनी उघडलं. तेव्हा शहरात घरोघरी पाककृतींच्या वह्या, कात्रणांच्या पेट्या गेल्या. लोक तिथल्या टाइम्स-पिकायून या वर्तमानपत्राला पत्रं पाठवायला लागले, 'अमुक वर्षी तुम्ही छापलेली ती कृती माझ्याकडे होती, पुरात गेली, परत मिळेल का?' मग पत्रानेच सदर सुरू केलं. एका वाचकाने मागायचं, दुसऱ्याने आपल्या कपाटातून शोधून पाठवायचं.

---

वाशिष्ठी

मी नेहमी नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. मी चिपळूणची. २०२१ च्या जुलैच्या पुरात आमच्या तळमजल्यावर छताला पाणी लागलं. भांडी धुऊन घेतली, पण आईची वही लगदा झाली. तिच्यात तिच्या आईचं मेतकूट, सांदणाचं प्रमाण, आणि कोयाड्याची कृती होती. आई म्हणते, हाताला येतं तेवढं येतं, बाकी गेलं. कर्दळीताईंनी वर्तमानपत्राचं लिहिलं म्हणून विचारावंसं वाटलं. पिकलेल्या आंब्याच्या कोयाड्यात मोहरी फेसून किती घालतात, कुणाच्या घरी लिहिलेलं आहे का?

---

खाडीकाठ

वाशिष्ठी, आमच्या आजीच्या वहीत आहे. सहा रायवळ आंब्यांना एक मोठा चमचा मोहरी, पाण्याबरोबर नाकात जाईपर्यंत फेसायची, गूळ आंब्याच्या गोडीप्रमाणे. सांदणाचंही पान आहे. आज रात्री फोटो काढून तुम्हाला निरोपातून पाठवते.

---

तुळशीवृंदावन

काल, सोमवारीच, राजमा केला. दाणे ठेचले तेव्हा रस्सा खरंच सायीसारखा झाला. सासूबाईंनी दोनदा भात घेतला. येत्या रविवारी भेंडीचा गंबो करणार आहे, मांसाऐवजी मशरूम घालून. कर्दळीताई, रू चॉकलेटइतका काळा केला तर दाटपणा येईल ना? माप वाढवू का?

---

कर्दळी

छान वाटलं वाचून! काळा रू कमी दाट करतो, कारण इतका वेळ भाजल्यावर मैद्यातला स्टार्च मोडतो. त्यामुळे काळ्या रंगावर नेणार असाल तर एक वाटीचा सव्वा वाटी करा, तेल तितकंच वाढवा. पहिल्या वेळी तांब्याच्या रंगावर थांबलात तरी उत्तम. बाकी दाटपणा भेंडी देईल. आणि शक्य असेल तर शनिवारी रात्री करून ठेवा, रविवारी गरम करून वाढा. आजी कधीच त्याच दिवशी वाढत नसत.

वाशिष्ठी, माझ्या आईकडे मेतकुटाचं माप आहे, फोनवर विचारून इथेच लिहिते.